नाण्यावर सही कुणाची?

खिशातलं नाणं कुणी काढलं, कुणाचा चेहरा समोर ठेवून काढलं, असा प्रश्न तुम्हाला कधी पडलाय? जगात काही मंडळी नाणी जमवतात आणि त्यावर थांबत नाहीत. नाण्याच्या डिझायनरला आणि मॉडेलला गाठून त्यांची सहीसुद्धा मिळवतात. एकदम हटके छंद! पण वाळूजच्या टूलरूमशेजारी राहून त्याकडे पाहिलं, तर तो नुसता टाइमपास राहत नाही.

साडेतीनला पहिली शिफ्ट सुटली की वाळूज एमआयडीसीच्या रस्त्यांवर बाइकचा लोंढा येतो. त्यातलेच आम्ही चार-पाच जण बजाजनगरातल्या नेहमीच्या टपरीवर थांबतो. एका हातात कटिंग, दुसऱ्या हातात मोबाइल. क्यूआर कोड स्कॅन केला, टिंग वाजलं, विषय संपला. सुट्ट्या पैशांची कटकटच नाही.

अपवाद फक्त आमच्या शेजारच्या काकांचा. काका रिटायर्ड डाय-फिटर. तीसेक वर्षं एका प्रेस शॉपच्या टूलरूममध्ये काढलेली. ते आजही नोट देतात आणि सुट्टे परत घेतात. परवा त्यांच्या हातात दहाचं नाणं आलं. त्यांनी ते खिशात टाकलं नाही. उजेडाकडे तिरकं धरलं, कडेवरून अंगठ्याचं नख फिरवलं आणि म्हणाले, "ह्या डायनं लई माल काढलाय. कडेची अक्षरं बघ, पसरलीत."

मी क्वालिटीत काम करते. दिवसभर पार्ट तपासते. पण नाणं हासुद्धा प्रेसवर निघालेला पार्टच आहे, हे तोवर कधी डोक्यातच आलं नव्हतं. गोल ब्लँक घ्यायचा, कडेला कॉलर, वर-खाली डाय, आणि दाब. बस्स. फरक इतकाच, की आपला पार्ट गाडीत कुठेतरी आत बसतो आणि हा पार्ट देशभर हातोहात फिरतो.

"मग काका, ही डाय बनवली कुणी असेल?"

काका हसले. "बनवणाऱ्याचं नाव कुठं असतंय पोरी?"

त्यांच्यासाठी तो विषय तिथेच संपला. माझ्यासाठी तिथून सुरू झाला. कारण त्याच आठवड्यात माझंही एक नाव गळालं होतं. एका फिक्स्चरचं डिझाइन मी सुधारलं होतं. रिव्ह्यूच्या दिवशी स्क्रीनवर ड्रॉइंग आलं. खाली कोपऱ्यात टायटल ब्लॉक असतो ना, ‘ड्रॉन बाय, चेक्ड बाय, ॲप्रूव्हड बाय’वाला, त्यात ‘ड्रॉन बाय’समोर भलतंच नाव. टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. काय करणार!

त्या रात्री ‘नाणं बनवतं कोण’ हे वाचायला बसले आणि पहाटेचे दोन कधी वाजले कळलंच नाही.

सोनेरी डॉलर आणि दोन बायका

२००० साली अमेरिकेत एक डॉलरचं नवं नाणं आलं. दिसायला सोनेरी, पण सोन्याचा कणही नसलेलं. त्यावर सकागाविया नावाची शोशोनी जमातीची तरुणी, पाठीशी झोपलेलं बाळ. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला ल्युईस आणि क्लार्क यांची मोहीम पश्चिमेकडे निघाली, तेव्हा तान्हं मूल पाठीशी बांधून ती दुभाषी म्हणून त्यांच्याबरोबर गेली होती. अडचण अशी, की ती दिसायची कशी हे सांगणारं एकही चित्र नाही. मग चेहरा आणायचा कुठून?

शिल्पकार ग्लेना गुडएकर यांनी जिवंत चेहरा शोधायचं ठरवलं. १९९८ मध्ये न्यू मेक्सिकोत त्यांना रँडील टीटन भेटली. कॉलेजात कला शिकणारी, शोशोनी-बॅनॉक जमातीचीच मुलगी. ती समोर बसली, गुडएकर यांनी पाहून मूर्ती घडवली आणि दोनशे वर्षांपूर्वीच्या बाईला आजच्या पोरीचा चेहरा मिळाला. मानधनापोटी गुडएकर यांना मिळाले पाच हजार डॉलर, आणि तेही त्याच नाण्यांत! खास चकाकी दिलेली ती पाच हजार नाणी आज संग्राहकांच्या दुनियेत वेगळी ओळखली जातात.

आता या नाण्याची किंमत किती? एक डॉलर. पण त्याच नाण्याच्या कार्डावर टीटन यांची सही असली, तर ते कार्ड अल्बममध्ये जातं. गुडएकर यांचं २०२० मध्ये निधन झालं, त्यामुळे त्यांची नवी सही आता मिळणं नाही. म्हणजे ज्यांनी आधी विचारलं, त्यांनाच ती मिळाली. क्रिकेटपटूची सही मागायला आपण बॅट घेऊन हॉटेलच्या लॉबीत ताटकळतो की नाही? तोच फंडा.

तिकडे याचा आता पद्धतशीर व्यवसायही झालाय. नाणी पारखून प्लॅस्टिकच्या बंद डबीत देणाऱ्या मोठ्या कंपन्या आहेत. त्या डबीच्या लेबलवर डिझायनरची सही घेऊन विकतात. अमेरिकेच्या चांदीच्या ‘ईगल’ नाण्याची १९८६ पासून २०२१ पर्यंतची गरुडाची बाजू जॉन मर्कान्टी यांनी केलेली. पुढे ते तिथल्या टांकसाळीचे मुख्य एनग्रेव्हर झाले. त्यांच्या सहीची लेबलं हे तर संग्राहकांचं नेहमीचं गिऱ्हाइकी खाद्य.

चेहरा दिला, पण नाव नको

मॉडेल म्हटलं की आपल्याला रॅम्प आठवतो. नाण्यांच्या मॉडेल मात्र वेगळ्याच. फिलाडेल्फियातल्या ॲना विलियम्स या शिक्षिका १८७६ मध्ये जॉर्ज मॉर्गन या एनग्रेव्हरसमोर बसल्या, त्या नाव गुप्त राहील या अटीवर. १८७८ मध्ये चांदीचा डॉलर आला, नाव फुटलं आणि बाईंच्या डोक्याला ताप झाला. लोक बघायला यायचे, पत्रं यायची. त्यांना ते काही रुचलं नाही. आज त्या असत्या, तर सही मागणाऱ्यांसाठी दार उघडलं असतं का, शंकाच आहे.

याच्या अगदी उलट टेरेसा डी फ्रान्चिस्की. इटलीहून लहानपणी अमेरिकेत आलेली मुलगी. शाळेच्या कार्यक्रमात तिला स्वातंत्र्यदेवता व्हायचं होतं. भूमिका दुसऱ्याच मुलीला मिळाली आणि ही हिरमुसली. पुढे तिचं लग्न अँथनी डी फ्रान्चिस्की या शिल्पकाराशी झालं. १९२१ च्या ‘पीस डॉलर’ची स्पर्धा त्यानं जिंकली. स्वातंत्र्यदेवतेसाठी समोर बसवलं कुणाला? बायकोलाच! शाळेत हुकलेली भूमिका नाण्यावर मिळाली. त्या १९९० पर्यंत हयात होत्या. म्हणजे खिशातल्या डॉलरवरची देवी न्यूयॉर्कमध्ये साठ-सत्तर वर्षं साध्या माणसासारखी वावरत होती.

हे सगळं मी काकांना दुसऱ्या दिवशी टपरीवर सांगितलं. मॉडेलच्या गोष्टी त्यांनी चहा ढवळत ऐकल्या. पण पुढची गोष्ट सांगितली तेव्हा ग्लास खाली ठेवला.

तीन अक्षरांचं भांडण

१९०९ मध्ये अमेरिकेत अब्राहम लिंकनच्या चेहऱ्याचं एक सेंटचं नाणं निघालं. डिझायनर होते व्हिक्टर डेव्हिड ब्रेनर. नाण्याच्या मागच्या बाजूला, तळाशी, त्यांनी नावाची तीन आद्याक्षरं घातली. व्ही, डी, बी. नाणं बाजारात आलं आणि ओरड सुरू झाली, की ही अक्षरं फार ठळक आहेत, ही तर जाहिरात झाली! काही दिवसांतच अक्षरं डायवरून काढून टाकण्यात आली. ती परत आली थेट १९१८ मध्ये, आणि तीही लिंकनच्या खांद्याच्या कडेला, भिंग लावल्याशिवाय दिसणार नाहीत इतकी बारीक.

गंमत बघा. ज्या अक्षरांसाठी भांडण झालं, त्याच अक्षरांमुळे ती नाणी पुढे दुर्मिळ ठरली. सॅन फ्रान्सिस्कोच्या टांकसाळीत तीन अक्षरांची नाणी निघाली फक्त ४ लाख ८४ हजार. एक सेंटच्या नाण्याच्या हिशेबानं हे काहीच नाही. आज लिंकन सेंट जमवणारा प्रत्येक जण त्याच नाण्याच्या शोधात असतो.

दुसरे फेलिक्स श्लाग. जर्मनीहून आलेले शिल्पकार. १९३८ मध्ये पाच सेंटच्या नाण्याच्या स्पर्धेत ३९० प्रवेशिकांमधून त्यांचं डिझाइन निवडलं गेलं. बक्षीस एक हजार डॉलर. मागची बाजू त्यांना पुन्हा काढायला लावली, तीही त्यांनी काढली. नाणं चालू झालं. कोट्यवधींनी निघालं. त्यावर त्यांचं नाव मात्र नाही. एफ आणि एस ही दोन अक्षरं नाण्यावर आली १९६६ मध्ये. म्हणजे तब्बल अठ्ठावीस वर्षांनी!

काका बराच वेळ गप्प होते. मग इकडेतिकडे बघून म्हणाले, "आम्ही पण मारायचो."

"काय मारायचो?"

"लेटर पंच. डायच्या पोटाला. खाली प्लेट बसते ना, तिथं. कुणाला दिसायचं नाही. डाय खोलली तरच."

मी बघतच राहिले. डायवर पार्ट नंबर असतो, कंपनीचा असेट नंबर असतो, तारीख असते. त्या सगळ्याच्या खाली, बोल्स्टरला टेकणाऱ्या बाजूला, काकांनी तीस वर्षं आपल्या नावाचं एक अक्षर ठोकलं होतं. अवघड डायवरच. सोप्या डायवर नाही. "सोप्या कामावर काय नाव टाकायचं?" असं त्यांचं म्हणणं. त्यातल्या किती डाय भंगारात गेल्या आणि किती अजून प्रेसवर आहेत, ते त्यांनाही ठाऊक नाही.

आजीच्या डब्यातला रुपया

तुम्ही म्हणाल, हे सगळं साता समुद्रापलीकडचं. आपल्याकडे काय? मलाही तेच वाटलं होतं. मग मी रविवारी गंगापूरला आजीकडे गेले आणि तिचा पितळी डबा उघडायला लावला.

मराठवाड्यातल्या जुन्या घरांत दोन शब्द अजून ऐकू येतात, ‘हाली’ आणि ‘कलदार’. हाली म्हणजे निजामाचा हाली सिक्का, आणि कलदार म्हणजे इंग्रजांचा, यंत्रावर पाडलेला रुपया. आपला भाग १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता, त्यामुळे घराघरांत दोन्ही असायचे. आजीच्या डब्यात एक हाली आणि दोन कलदार निघाले. त्यातल्या एका कलदाराला माळेत ओवण्यासाठी कडी डाग दिलेली. सराफ म्हणेल, नाणं खराब झालं. आजी म्हणते, माझ्या सासूबाईंच्या गळ्यातलं आहे. वाद कोण घालणार?

हालीवर चारमिनार आहे. त्याच्या कमानीत, दाराच्या जागी, एक फारसी अक्षर आहे. मीर महबूब अली खान यांच्या नाण्यांवर ‘मीम’, मीर उस्मान अली खान यांच्या नाण्यांवर ‘ऐन’. म्हणजे सही आहे, पण राजाची. त्याआधी मुघलांच्या काळात आपल्या शहरात टांकसाळ होती, तेव्हा रुपयावर बादशहाचं नाव असायचं आणि शहराचं नाव ‘खुजिस्ता बुनियाद’. ठसा खोदणाऱ्याचं नाव नाहीच.

आता कलदार. १८४० सालचा, ईस्ट इंडिया कंपनीचा, तरुण व्हिक्टोरिया राणीचा. मोबाइलचा कॅमेरा झूम करून मानेच्या कापलेल्या कडेवर नेला आणि मी जवळजवळ ओरडलेच. डब्ल्यू, डब्ल्यू. दोन बारीक अक्षरं. विल्यम वायन! लंडनच्या टांकसाळीचा हा नामांकित एनग्रेव्हर. व्हिक्टोरिया राणी व्हायच्या आधी, पंधरा वर्षांची असताना, त्याच्यासमोर बसली होती. त्यावरून त्यानं केलेल्या १८३७ च्या पदकावरून जगातल्या पहिल्या टपाल तिकिटावरचा, म्हणजे १८४० च्या ‘पेनी ब्लॅक’वरचा चेहरा आला.

कंपनीच्या १८३५ च्या विल्यम राजाच्या रुपयांवरही असं अक्षर सापडतं. एफ, म्हणजे कलकत्ता टांकसाळीचे मेजर फोर्ब्स. म्हणजे ज्या रुपयाला आपली पणजी नुसतं कलदार म्हणायची, त्याच्या मानेखाली घडवणारा आपली खूण ठेवून गेला होता. डिझायनरची सही असलेलं नाणं कुठे शोधायचं, तर आधी घरातला डबा उघडा!

आपली नाणी, बिननावाची

आता आजच्या नाण्याकडे या. सालाच्या खाली बघा. हिऱ्यासारखी खूण असेल तर नाणं मुंबईचं, चांदणी असेल तर हैदराबादचं, गोल ठिपका असेल तर नोएडाचं आणि काहीच नसेल तर कोलकात्याचं. म्हणजे कारखान्याचा शिक्का आहे. डिझायनरचं आद्याक्षर मात्र आपल्या रोजच्या नाण्यांवर सापडत नाही.

२००७ च्या सुमारास आलेली स्टीलची नाणी आठवतात? एक रुपयावर उंचावलेला अंगठा, दोन रुपयांवर दोन बोटं. नृत्यमुद्रांची मालिका म्हणतात तिला. कॉलेजच्या कँटीनमध्ये त्या अंगठ्यावरून आम्ही किती विनोद केले असतील! पण तो हात कुणाचा, हे आम्ही कधी विचारलं नाही. नाण्यानंही सांगितलं नाही.

दहाच्या नाण्याची गोष्ट आणखी बोलकी. मध्यंतरी अनेक दुकानदार ते घेईनात. हे नाणं वेगळं दिसतं, ते वेगळं दिसतं, म्हणजे खोटं असणार, अशी अफवा. शेवटी जानेवारी २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेला सांगावं लागलं, की दहाच्या नाण्याची चौदा डिझाइन्स निघाली आहेत आणि चौदाच्या चौदा चालतात. चौदा डिझाइन्स! म्हणजे चौदा वेळा कुणीतरी कागदावर वर्तुळ काढलं, अक्षरं बसवली, खोडली, पुन्हा बसवली. वाद झाला तो नाणं खरं की खोटं याचा. ते काढलं कुणी, हे ना दुकानदारानं विचारलं, ना गिऱ्हाइकानं.

एक नाव मात्र आपल्याला नक्की माहीत आहे. रुपयाचं चिन्ह! देवनागरी ‘र’ आणि रोमन ‘आर’ यांचं ते सुंदर लग्न लावलं डी. उदयकुमार यांनी. ते तेव्हा पवईला आयआयटीच्या औद्योगिक डिझाइन विभागात संशोधन करत होते. देशभरातून तीन हजारांहून जास्त प्रवेशिका आल्या, पाच जण अंतिम फेरीत गेले आणि १५ जुलै २०१० रोजी केंद्रीय मंत्रिमंडळानं उदयकुमार यांच्या चिन्हावर शिक्कामोर्तब केलं. बक्षीस अडीच लाख रुपये. २०११ पासून ते चिन्ह नाण्यांवर आलं. खिशातल्या नाण्यावर एका हयात डिझायनरची रेघ आहे आणि त्याचं नाव आपल्याला ठाऊक आहे, ही चैन भारतीय संग्राहकाला रोज मिळत नाही.

२०१९ मध्ये जाहीर झालेली दृष्टिहीनांना ओळखता येतील अशी नाणीही हातात घेऊन बघा. एक, दोन, पाच, दहा, वीस. किंमत वाढेल तसा आकार आणि वजन वाढतं. वीसचं नाणं बारा कडांचं. डोळे मिटून बोटं फिरवा, कळतं. या कामाचं श्रेय राष्ट्रीय डिझाइन संस्थेला जाहीरपणे दिलं गेलं. संस्थेचं नाव आलं, हेही नसे थोडके. पण त्या बारा कडा कुणाच्या डोक्यातून निघाल्या, हे कळलं असतं तर त्या माणसाला एक पत्र नक्की लिहिलं असतं.

नोट सही करते, नाणं नाही

आपल्याकडच्या सहीवेड्यांनी यावर कधीचाच तोडगा काढलाय. ते नोटांकडे वळतात. नोटेवर गव्हर्नरची सही छापलेलीच असते, त्यामुळे ‘सहीवार’ संग्रह हा इथला मोठा छंद. आणि त्यात मराठी नावांची मजा औरच.

रिझर्व्ह बँकेच्या नोटेवर पहिली भारतीय सही कुणाची? महाडजवळच्या नाते गावात जन्मलेल्या चिंतामणराव देशमुखांची. ते १९४३ मध्ये गव्हर्नर झाले. नोटेवर चेहरा इंग्लंडच्या राजाचा आणि सही देशमुखांची!

के. जी. आंबेगावकर १९५७ मध्ये जेमतेम दीड महिना गव्हर्नर होते, त्यांच्या सहीची रिझर्व्ह बँकेची नोटच निघाली नाही. पण संग्राहक वस्ताद. एक रुपयाच्या नोटेवर गव्हर्नरची नव्हे, अर्थसचिवाची सही असते आणि आंबेगावकर त्याआधी अर्थ खात्यात होते. मग त्यांच्या सहीची एकची नोट शोधायची! भास्कर नामदेव आडारकर १९७० मध्ये बेचाळीस दिवस गव्हर्नर होते. त्यांच्या सहीच्या नोटा निघाल्या, पण मुदतच इतकी कमी, की आज त्या मिळाल्या की संग्राहक खूश.

फरक लक्षात आला का? नोटेवरची सही अधिकाराची असते. ‘मी धारकाला अदा करण्याचे वचन देतो’ असं म्हणणाऱ्याची. संग्राहक कार्डावर मागतो ती सही कामाची असते. हे मी घडवलं, एवढंच ती सांगते. अधिकाराच्या सह्या आपण भरपूर जपल्या. कामाच्या सह्या जपायला आता कुठे सुरुवात करायची आहे.

ट्राय करायचंय? मग हे वाचाच

• नाण्यावर सही घेऊ नका. शाई पुसली जाते आणि पृष्ठभाग खराब होतो. नाणं वितळवणं किंवा नष्ट करणं तर २०११ च्या नाणे कायद्यानुसार गुन्हाच आहे. नाणं होल्डरमध्ये आणि सही शेजारच्या कार्डावर, हाच शहाणपणाचा मार्ग.

• आधी सही, मग नाणं बसवा. नाणं आत असताना कार्डावर पेन दाबून लिहिलं की कागदही उमटतो आणि नाणंही घासतं.

• जुनं नाणं घासूनपुसून चकचकीत करू नका. आजीची चिंच, लिंबू आणि राख तांब्या-पितळेच्या भांड्यांसाठी ठीक. नाण्याची किंमत त्यानं उतरते.

• मऊ पीव्हीसीचे पारदर्शक पाऊच टाळा. काही वर्षांत नाण्यावर हिरवट चिकट थर येतो.

• सही पत्रानं मागायची असेल तर दोन ओळी हातानं लिहा, आपला पत्ता घातलेलं आणि तिकीट लावलेलं पाकीट सोबत ठेवा, आणि एकच कार्ड पाठवा. दहा पाठवलीत की समोरच्याला कळतं, तुम्ही विकणार आहात.

• सही मिळाली की मागे तारीख आणि ठिकाण लिहा. पत्र आलं असेल तर पाकीटही जपा. कुठून आली हे सांगता येत नसलेली सही विकत घेण्याच्या फंदात पडू नका.

• वीकेंडला कुठे जायचं? नाशिकजवळ अंजनेरीला नाणेशास्त्र संशोधन संस्था आणि तिचं संग्रहालय आहे. मुंबईला फोर्टमध्ये रिझर्व्ह बँकेनं २००४ मध्ये नाण्या-नोटांचं संग्रहालय सुरू केलं. दोन्ही ठिकाणी निघण्यापूर्वी वेळ विचारून घ्या.

माझ्या अल्बममधली पहिली सही

रुपयाच्या चिन्हासाठी मी पत्र लिहून ठेवलंय. २०११ च्या नाण्याचं रिकामं कार्ड सोबत आहे. उत्तर येईल, न येईल. पण अल्बमचं पहिलं पान रिकामं राहिलेलं नाही.

गेल्या रविवारी काकांकडे गेले. म्हटलं, "काका, सही हवीय."

"माझी? मी काय नाणं काढलंय?"

"डाय काढल्यात ना."

काकू आतून हसल्या. काका उठले, कपाटावरून एक डबा काढला. तेलकट फडक्यात गुंडाळलेला लेटर पंचांचा सेट. अंगणात जुन्या लोखंडी ठोकळ्यावर त्यांनी ॲल्युमिनियमची एक गोल चकती ठेवली, पंच उभा धरला आणि हातोडीचा एकच ठोका दिला. अक्षर अगदी मधोमध, सरळ उमटलं. मग कार्डावर पेननं सही केली. पंच मारणारा तोच हात पेन धरल्यावर मात्र थरथरला. "सही करायची सवय नाही," म्हणाले. "पगाराच्या रजिस्टरवरच केली आजवर."

चकती होल्डरमध्ये बसवली. शेजारी सही, तारीख, आणि खाली ‘बजाजनगर, वाळूज’.

सोमवारी ऑफिसात फिक्स्चरचं नवं ड्रॉइंग करायला घेतलं. टायटल ब्लॉकमध्ये ‘ड्रॉन बाय’समोर या वेळी आधी स्वतःचं नाव टाकलं. मग थोडा विचार केला आणि खाली नोट्समध्ये एक ओळ वाढवली. फिक्स्चर बनवणार आहे त्या फिटरचं पूर्ण नाव. ड्रॉइंग चेकिंगला गेलंय. अजून तरी कुणी ती ओळ खोडलेली नाही.